बुजलेल्या खाणींच्या काठाकाठानं : वेताळ टेकडी, वाघोली, मोशी

पुण्यातल्या स्लॅबमध्ये, रस्त्यांत आणि पुलांत पडलेली खडी बहुतेक शहराच्या आसपासच्याच दगडखाणींतून आलेली आहे. खडी वजनाला जड आणि किमतीला स्वस्त, त्यामुळे ती लांबून आणणं कुणालाच परवडत नाही. शहर पसरत गेलं तशा खाणी पुढे सरकल्या आणि मागे राहिलेल्या खड्ड्यांवर शहर चढलं. वाघोली हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. एक शेतीचं गाव खाणींचं गाव झालं, तिथे क्रशर आले, मग गृहसंकुलं आली, आणि २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं. हा बदल जमिनीवर उभं राहून दिसत नाही, वरून घेतलेल्या जुन्या चित्रांत दिसतो. ती चित्रं आणि चालायचे बूट एवढ्यावर ही चार दिवसांची भटकंती होते. डिसेंबर-जानेवारी हा त्यासाठी चांगला काळ. हवा कोरडी असते, गवत वाळलेलं असतं आणि खड्ड्यांच्या कडा मोकळ्या दिसतात.

पहिला दिवस : टेबलावर

पहिला दिवस घरातच जातो आणि जायलाच हवा. आधी सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० नकाशा घ्यायचा. जुन्या क्रमांकानुसार तो ४७ एफ/१४. पुण्यात आळंदी रस्त्यावर फुलेनगरला त्यांचं कार्यालय आहे, आणि नव्या मालिकेतले नकाशे ऑनलाइन मिळतात. हा एक ताव १८°३०′ ते १८°४५′ उत्तर आणि ७३°४५′ ते ७४° पूर्व एवढा भाग दाखवतो. वेताळ टेकडी, मोशी आणि वाघोली तिन्ही त्यातच बसतात. वाघोली मात्र अगदी पूर्वेच्या कडेला आहे. लोणीकंदकडे सरकलं की ४७ जे/२ हा शेजारचा ताव लागतो, तोही बरोबर ठेवावा. या नकाशात समोच्च रेषा २० मीटरच्या अंतरानं असतात, म्हणजे १५ मीटर खोल खाण दोन रेषांच्या मध्ये सहज हरवते. नकाशावर खाण नाही म्हणून जमिनीवर नव्हती असं समजू नये.

दुसरं साहित्य म्हणजे अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांची चित्रं. १९६० ते १९७२ या काळात हे हेरगिरीचे उपग्रह फिल्मवर छायाचित्रं घेत आणि फिल्मची कुपी पृथ्वीकडे सोडत. विमान ती हवेतच झेलायचं. १९९५ मध्ये ही चित्रं खुली झाली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अर्थ एक्सप्लोरर या संकेतस्थळावर भाग निवडला की उपलब्ध पट्ट्या दिसतात. आधी कुणी स्कॅन करून घेतलेली पट्टी फुकट उतरवता येते, न झालेलीसाठी पैसे भरावे लागतात. कोरोनाच्या केएच-४ए या पिढीतल्या कॅमेऱ्याचा तपशील सुमारे २.७ मीटर, केएच-४बीचा सुमारे १.८ मीटर. एवढ्यात झोपडी धूसर दिसते, पण खाणीचा काठ, बैलगाडीची वाट, विहीर आणि तलावाचा बांध स्वच्छ कळतो. पावसाळ्यातल्या पट्ट्या ढगांमुळे बाद होतात. ऑक्टोबर ते मे एवढाच काळ निवडून शोधावा.

एक पट्टी ७० मिमी रुंद फिल्मवर जवळजवळ पाऊण मीटर लांब असते आणि चार तुकड्यांत मिळते. आपला भाग कोणत्या तुकड्यात आहे ते छोट्या नमुना-चित्रावर आधी पाहून घ्यावं. उत्तर वर असेलच याची खात्री नसते. हा कॅमेरा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळत चित्र घेतो, त्यामुळे पट्टीच्या टोकांना प्रमाण बदलतं आणि आकार ताणले जातात. पूर्ण पट्टी एकदम नकाशावर बसवायला गेलं तर ती कधीच बसत नाही. आपला ५ बाय ५ किलोमीटरचा भाग कापून घ्यावा आणि तेवढाच बसवावा.

बसवण्यासाठी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधलं जिओरेफरन्सर पुरतं. नकाशाचं प्रक्षेपण यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत. एवढ्या भागाला १२ ते १५ खुणेचे बिंदू लागतात, आणि ते मध्यभागी गोळा न करता चारही कोपऱ्यांत पसरलेले हवेत. बिंदू असे निवडायचे की जे साठ वर्षांत हलले नाहीत : पाषाण तलावाच्या बांधाचं टोक, संगमाजवळचा रेल्वे पूल, जुन्या दगडी इमारतींचे कोपरे, वाघोलीत वाघेश्वर मंदिराचं आवार आणि शेजारच्या तळ्याचा बांध. झाड, शेताचा बांध, ओढ्याचं वळण घेऊ नये. रुंद झालेल्या रस्त्याचा मध्य घ्यायचा असेल तर जुना रस्ता कोणत्या बाजूला वाढला हे माहीत हवं.

इथे नेहमी होणारी एक चूक सांगायलाच हवी. थिन प्लेट स्प्लाइन ही पद्धत निवडली की संगणक त्रुटी शून्य दाखवतो आणि माणूस खूश होतो. ती पद्धत प्रत्येक बिंदूला जबरदस्तीनं आपल्या जागी बसवते, म्हणून त्रुटी शून्य दिसते. मधला भाग किती चुकला हे त्यातून कळत नाही. तीन-चार बिंदू मुद्दाम बाजूला ठेवावेत, बसवताना वापरू नयेत, आणि शेवटी त्यांच्यावर फरक मोजावा. तो ५ ते ८ मीटरच्या आत आला तर चित्र वापरण्याजोगं आहे. १५ मीटरवर गेला तर पुन्हा सुरुवात.

मधल्या दशकांसाठी अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं आहेत. त्यांतलं १९७२ पासूनचं एमएसएस हे उपकरण सुमारे ८० मीटरचं, ऐंशीच्या दशकातलं टीएम ३० मीटरचं. टीएमसाठी पुणे पथ १४७, ओळ ४७ मध्ये येतं. एमएसएसवर सुटी खाण ओळखता येत नाही, हे मान्य करून पुढे जावं. टीएमवर खाणी-क्रशरचा पट्टा भुकटीमुळे उजळ डागासारखा आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यात पाणी काळं दिसतं, एवढा उपयोग होतो. २००० नंतरच्या काळासाठी गुगल अर्थ प्रोमधली जुनी चित्रं आणि इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ. गुगल अर्थमध्ये ऐंशी-नव्वदच्या तारखा दिसतात ती लँडसॅटचीच धूसर चित्रं असतात, त्यांवर काठ काढू नये. शिवाय दोन वेगळ्या वर्षांची चित्रं एकमेकांच्या तुलनेत दहा-दहा मीटर सरकलेली असू शकतात. एखादं जुनं मंदिर किंवा पाण्याची टाकी धरून आधी फरक मोजावा आणि मगच खाण सरकली की चित्र सरकलं ते ठरवावं.

संध्याकाळी ए-३ कागदावर १:५,००० प्रमाणात छपाई. एका कागदात सुमारे २.१ बाय १.५ किलोमीटर मावतात. तेच चित्र क्यूफील्ड या फोनवरच्या नकाशा-अ‍ॅपमध्ये घालून ठेवायचं. ड्रोन घरीच ठेवावा. लोहगावचा विमानतळ आणि हवाई दलाचा तळ जवळ आहे, २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे या भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही.

दुसरा दिवस : वेताळ टेकडी

वाघोलीआधी वेताळ टेकडी करण्याचं कारण साधं आहे. तिथली जुनी खाण अजून उघडी आहे, बुजवलेली नाही. चित्रातला काठ आणि जमिनीवरचा काठ समोरासमोर ठेवून आपली मोजणी तपासता येते. लॉ कॉलेज रस्त्याकडून चढून एआरएआयच्या बाजूनं गेलं की खाण लागते. एआरएआय ही वाहनांवर संशोधन करणारी संस्था १९६६ सालची, त्यामुळे साठच्या दशकातल्या पट्ट्यांची तारीख ताडून बघायला टेकडीवरच्या इमारती उपयोगी पडतात.

टेकडीची उंची सुमारे ८०० मीटर, खालचं शहर ५६० च्या आसपास. हा २४० मीटरचा फरक इथे त्रास देतो. केएच-४ए आणि केएच-४बीमधले दोन कॅमेरे एक १५ अंश पुढे आणि एक १५ अंश मागे झुकलेले असत. सपाटीवरच्या बिंदूंनी बसवलेल्या चित्रात टेकडीचा माथा २४० × ०.२६८ म्हणजे सुमारे ६४ मीटर सरकतो. पुढच्या कॅमेऱ्याच्या चित्रात एका दिशेला, मागच्याच्या चित्रात उलट दिशेला. टेकडीचा तुकडा वेगळा कापावा आणि त्यासाठी माथ्यावरचेच बिंदू घ्यावेत. दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रं मिळाली तर हाच दोष कामाला येतो. शेजारी छापून खिशातल्या स्टिरिओस्कोपखाली (दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवणाऱ्या भिंगांखाली) धरली की टेकडी वर उठते आणि खाण खाली बसते.

खोली सावलीवरून काढायची. डिसेंबरात सकाळी पावणेअकराच्या सुमारास पुण्यात सूर्य क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर असतो. चित्रात भिंतीची सावली १८ मीटर भरली तर खोली १८ × ०.८४, म्हणजे १५ मीटर. सावली सूर्याच्या दिशेनं मोजायची, भिंतीला काटकोनात नाही. बहुतेकांचं उत्तर इथेच कमी येतं. खाण अरुंद असेल तर सावली समोरच्या भिंतीवर चढते आणि खोली कमी भासते. तळात पाणी असेल तर आकडा पाण्याच्या पातळीपर्यंतचाच. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला पुण्यात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, त्या दिवसांतली दुपारची चित्रं या कामाला निरुपयोगी.

तपासणी समोरच्या काठावरून करावी. लेझर अंतरमापकानं अंतर आणि खाली झुकलेला कोन घेतला की उतरावं लागत नाही. काठापासून पाच मीटर आत उभं राहावं. सुरुंगांनी हललेला दगड वरून पक्का दिसतो आणि खालून सुटलेला असतो.

भिंत दुर्बिणीतून जरूर पाहावी. बेसाल्टच्या दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे तांबूस मातीचा पातळ थर असतो. तो दिसला की तिथे एक लाव्हा थंड होऊन, झिजून, मग दुसरा आला हे कळतं. सुरुंगाच्या भोकांच्या अर्ध्या नळ्या भिंतीवर राहून जातात. पहार आणि घणानं पाडलेली भोकं आखूड, थोडी वाकडी, आणि एकमेकांपासून अंतर कमी-जास्त. जॅकहॅमरची भोकं साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, सरळ, एका ओळीत. एकाच खाणीत वरच्या भागात पहिली आणि खाली दुसरी दिसली तर खाणकाम किती वर्षं चाललं असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि तो चित्रांच्या तारखांशी जुळवून बघता येतो.

तिसरा दिवस : वाघोली

सकाळी साडेसहाच्या आत नगर रस्त्याला लागावं. नंतर खराडी बायपासपासून पुढे वाहतूक उभी राहते आणि दिवसाचा चांगला उजेड गाडीत जातो. सुरुवात वाघेश्वर मंदिरापासून. पिलाजी जाधवरावांची समाधी आणि तळ्याचा बांध या खुणा जुन्या चित्रात लगेच सापडतात. साठच्या दशकातल्या चित्रात गावठाण, तळं, नगरकडे जाणारा एकेरी रस्ता आणि चहूकडे शेतांचे पट्टे. तेच चित्र हातात धरून केसनंद फाट्याकडे तोंड केलं की समोर दहा-बारा मजली इमारती असतात. मंदिराजवळ फोनचा बिंदू आणि चित्रातला बिंदू जुळतो का ते पाहून घ्यावं. पाच मीटरच्या आत असेल तर पुढे जावं.

मग भावडी रस्ता. खाणी आणि क्रशर या बाजूला आहेत. चालू खाणीत मालकाच्या किंवा मॅनेजरच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. लाल झेंडा किंवा भोंगा म्हणजे सुरुंग; तिथून मागे फिरावं. रस्त्याच्या कडेनंसुद्धा पुष्कळ दिसतं.

वरून क्रशर ओळखायची खूण म्हणजे भुकटीचा पंखा. हॉपरमध्ये दगड पडतो, जॉ क्रशरमधून फुटून पट्ट्यावर चढतो, चाळण्यांतून ४०, २०, १० मिलिमीटरची खडी आणि कच वेगळी होते. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाखाली एक शंकूच्या आकाराचा ढीग असतो. चित्रात एका बिंदूपासून फुटलेल्या तीन-चार रेघा आणि प्रत्येकीच्या टोकाला गोल ठिपका दिसला की तो क्रशर. वारा जातो त्या बाजूला जमीन, झाडं, पत्रे सगळे फिकट राखाडी. ताजी फोडलेली खाण मात्र गडद असते. फिकट डाग म्हणजे खाण आणि गडद म्हणजे शेत असं मानलं तर दोन्ही उलटे लागतात.

खाणीसारख्या दिसणाऱ्या इतर गोष्टीही इथे भरपूर. प्लॉटिंगसाठी कापलेला मुरूम तपकिरी दिसतो आणि त्यात पायऱ्या नसतात. शेततळं चौकोनी आणि काठ एकसारखे. वीटभट्टीची जमीन लालसर. खरी खाण ओबडधोबड, एका बाजूला उतरता रस्ता आणि उरलेल्या बाजूंना उभी सावली. उतरता रस्ता सापडला नाही तर शंका घ्यावी, कारण डंपरला वर यायला वाट लागतेच.

किती दगड गेला याचा हिशोबही चित्रावरून निघतो. एक हेक्टर क्षेत्र आणि सरासरी १५ मीटर खोली म्हणजे दीड लाख घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, म्हणजे सुमारे ५३,००० ब्रास. पण हा भरीव दगड. फोडल्यावर तो फुगतो, दीडपटीच्या आसपास जातो, आणि तीच खडी ७५ ते ८० हजार ब्रास भरते. भरीव ब्रास की सुटा ब्रास हे न लिहिता दिलेला आकडा कुणाच्याच उपयोगाचा नाही. हाच दगड पुण्याच्या इमारतींत गेला आणि तो फोडणारे हात मुख्यतः वडार समाजाचे आणि मराठवाड्यातून आलेल्या मजुरांचे होते. चित्रात खाणीच्या काठालगत बारीक ठिपक्यांची ओळ दिसते ती त्यांच्या पालांची आणि खोपटांची. खाण सरकली की ती ओळही सरकते. जुन्या-नव्या चित्रांत ती शोधावी. गावाच्या वाढीचा हा भाग कुठल्याही विकास आराखड्यात सापडत नाही आणि तो नोंदला गेला पाहिजे.

वाघोलीच्या दगडाची जगभर ओळख मात्र वेगळ्याच कारणानं आहे. बेसाल्टमधल्या पोकळ्यांत स्टिलबाइट, ह्यूलंडाइट यांसारखी झिओलाइट गटातली खनिजं तयार होतात आणि त्यांच्यावर कॅव्हॅन्साइटचे गडद निळे गोळे बसतात. हे कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचं सिलिकेट. १९७३ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं ते अमेरिकेतल्या ऑरेगनच्या नमुन्यांवरून, पण सर्वोत्तम नमुने वाघोलीच्या खाणींतले. संग्रहालयांत ठेवलेला नमुना बघताना त्याच्यामागची खाण आज कुठल्या इमारतीखाली आहे, असा प्रश्न पडायला हरकत नाही.

दुपारनंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं. जिथे चित्रात खाण होती आणि आज नाही, अशा जागा शोधायच्या. खाण बुजण्याची पद्धत ठरलेली आहे. दगड संपतो किंवा पाणी लागतं, पंप बंद होतात, खड्डा भरतो. मग एका बाजूनं राडारोडा पडायला लागतो. चित्रात काठापासून पाण्यात उतरलेली फिकट जीभ दिसते, आणि दर वर्षी ती पुढे सरकते. शेवटी वर मुरूम पसरतो, रोलर फिरतो, गाजरगवत आणि सुबाभूळ उगवतात. पुढच्या चित्रात पत्र्याची शेड किंवा पार्किंग, आणि त्याच्या पुढच्या चित्रात इमारत. यातलं एकेक चित्र सुटं पाहिलं तर काहीच वावगं वाटत नाही. ओळीनं लावली तरच कळतं.

जमिनीवर आल्यावर काठाची रेघ फोनवर ठेवून तिच्यावरून चालायचं. कंपाउंडच्या भिंतीला पायरीसारखी गेलेली तिरकी भेग, बसलेले पेव्हर ब्लॉक, एका बाजूला झुकलेला विजेचा खांब, दर पावसाळ्यात खचून पुन्हा भरलेला डांबराचा ठिगळ. या गोष्टी सुट्या सुट्या कुठेही दिसतात, पण एकाच रेघेवर ओळीनं आल्या तर थांबून नोंद करावी. भिंती जवळ असतील तिथे फोनचा जीपीएस दहा-पंधरा मीटर उडी मारतो, म्हणून चौकातला मोकळा बिंदू धरून टेपनं अंतर घ्यावं.

बुजलेली खाण म्हणजे वाईट जागा, असं सरसकट म्हणता येत नाही. भराव काढून तळाच्या खडकावर पाया घेतला तर जागा उत्तम. खाणीचा खड्डा तळघरासाठी वापरताही येतो. संपूर्ण इमारत बाहेरच्या खडकावर असेल तरी चिंता नाही. धोका काठावर आहे. इमारतीचा अर्धा भाग अखंड बेसाल्टवर आणि अर्धा १५ मीटर राडारोड्यावर आला की एक बाजू बसते, दुसरी जागच्या जागी राहते, आणि मधली चौकट फाटते. राडारोड्यात विटा, माती, लाकूड, प्लास्टिक सगळं असतं. त्याचं बसणं वर्षानुवर्षं चालू राहतं आणि पाणी शिरलं की एकदम होतं. वाघोलीत घर घेणाऱ्या प्रत्येक माणसाला ही काठाची रेघ बघायला मिळाली पाहिजे, कारण ती सातबारावर नसते आणि झोन दाखल्यावरही नसते.

पाणी भरलेल्या खाणींत उतरू नये, पोहू नये. उभ्या भिंतींमुळे बाहेर यायला वाट नसते.

चौथा दिवस : मोशी

नाशिक रस्त्यानं भोसरी ओलांडून मोशी. इथे खाणी, प्राधिकरणाची आखीव सेक्टर आणि पिंपरी-चिंचवडचा कचरा डेपो एकाच चित्रात येतात. इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : खड्डा आणि डोंगर यांतला गोंधळ. हिवाळ्यात सकाळी घेतलेल्या चित्रात सावल्या वायव्येला, म्हणजे कागदावर वरच्या बाजूला पडतात आणि डोळ्याला खाण उंच आणि कचऱ्याचा ढीग खोल दिसायला लागतो. कागद फिरवून दक्षिण वर केली की दोन्ही आपापल्या जागी येतात. वाघोलीच्या चित्रांवरही हे करून बघावं. खाणीच्या तळातले ढीग तेव्हाच खरे दिसतात.

मोशीत आखणी सरळ रेघांची असल्यामुळे रस्त्यांचे चौक उत्तम खुणेचे बिंदू होतात. पण ते फक्त नव्या चित्रांसाठी. साठच्या दशकातल्या चित्रासाठी इंद्रायणीवरचा जुना पूल आणि गावठाणातलं मंदिर याच्यापलीकडे फारसं काही मिळत नाही. इथलं काम अर्ध्या दिवसात संपतं.

उरलेली दुपार नोंदींना द्यावी. प्रत्येक काठासाठी चित्राची तारीख, पट्टीचा क्रमांक, राखून ठेवलेल्या बिंदूंवरची त्रुटी, आणि काठ पक्का की अंदाजे. खुणेच्या बिंदूंची फाइल मूळ टिफ चित्राबरोबर जपावी. ती हरवली तर दुसऱ्याला तेच चित्र पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागतं. मग महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरच्या जमिनीच्या गटांच्या हद्दी वर टाकून काठ कोणत्या गटातून जातो ते लिहावं. रेघ एकेरी काढू नये. त्रुटी धरून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरचा पट्टा काढावा आणि तो पट्टा सोसायटीच्या किंवा बांधकामाच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे द्यावा. माती परीक्षणाची बोअर सहसा प्लॉटच्या मधोमध आणि कोपऱ्यांवर घेतली जातात, त्यातून काठ निसटतो. पट्ट्याच्या आत दोन आणि बाहेर दोन बोअर मागावीत, आणि राडारोडा लागला तर खडक लागेपर्यंत खाली जायला सांगावं.